आत नाही तर बाहेर

माझ्या नवऱ्याला, लुकाला, जगातल्या दोनच गोष्टी खात्रीने माहीत होत्या. एक म्हणजे, रेडिओवर सांगतात त्यापेक्षा थंडी नेहमी चार अंशांनी जास्त असते. आणि दुसरी, इंजिन एक तर कायम आत ठेवावं, नाही तर कायम बाहेर. रात्री आत आणि सकाळी बाहेर, असले लाड करायचे नाहीत. बाहेरचं गोठलेलं लोखंड उबेत आणलं की त्याला घाम सुटतो, वरूनही आणि आतूनही. तो घाम पेट्रोलात उतरतो. मग तेच इंजिन पुन्हा बाहेर काढा, सुईच्या नेढ्याएवढ्या भोकात त्या पाण्याचा खडा होतो आणि तुम्ही बसा दोरी ओढत. "बाहेर ठेवलेलं इंजिन हट्टी असतं," लुका म्हणायचा, "पण खोटं बोलत नाही."

आमच्या आर्गा-तुमुलमध्ये हे शेंबडं पोरही सांगेल. इंजिन कायम आत ठेवायचं तर तापवलेलं गॅरेज लागतं, आणि ते गावात एकट्या शाळेच्या ट्रॅक्टरला आहे. बाकी सगळ्यांच्या बर्फगाड्या दारात उभ्या, अंगावर लोकरीचे जाड नमदे पांघरून.

लुका गेला तो मार्चमध्ये, म्हणजे थंडी ओसरून चाळिसावर आली होती तेव्हा. आम्ही 'उणे' म्हणत नाही, हिवाळ्यात दुसरं काय असणार? नदीपलीकडच्या कुरणात, गवताच्या गंजीपाशी, इंजिनाची दोरी ओढता ओढता त्याचं हृदय थांबलं. गाडीत काही बिघाड नव्हता. आमचा मुलगा एर्खान तेव्हा सुट्टीवर आला होता. त्याने तीच गाडी दुसऱ्या ओढीला सुरू केली आणि मागच्या घसरगाडीवर गवताऐवजी बापाला घालून आणलं. त्या दोरीला तेव्हापासून मधोमध एक गाठ आहे. ती कशी पडली ते मी कधी विचारलं नाही.

मातीला आलेल्या लोकांनी चहा पिता पिता माझं भविष्य ठरवून टाकलं. अकुलिना गाई मोडणार, शहरात मुलाकडे जाणार, पाचव्या मजल्यावर पाय शेकत बसणार. माझं कुणी माझ्या आधी ठरवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. दुसऱ्याच दिवशी मी लुकाची हत्यारांची पेटी उघडली.

पहिल्या हिवाळ्यात मला बावीस-बावीस ओढी लागायच्या. नंतर हात बसला. दुपारी गवत घेऊन आलं की इंजिन निवायच्या आत दोन्ही प्लग काढायचे आणि सशाच्या कातड्यात गुंडाळून घरात न्यायचे. प्लग तेवढे आत चालतात, चुलीवर तापून ते कोरडे ठणठणीत होतात. इंजिनावर घोड्याचं कातडं, त्यावर नमदा. सकाळी चुलीच्या पत्र्याच्या पाइपाचं एक कोपर घ्यायचं, त्याचं एक तोंड इंजिनाच्या पोटाखाली, दुसऱ्या तोंडात ब्लोलॅम्पची ज्योत. ऊब कोंडून राहावी म्हणून वरून नमदा जमिनीपर्यंत सोडायचा. किती वेळ, ते घड्याळ सांगत नाही. हातमोजा काढून उघडा तळवा लोखंडावर टेकायचा. दहा आकडे मोजेपर्यंत टेकवता आला की इंजिन तयार. घाई केली तर तळव्याची साल तिथेच राहते. माझी दोनदा राहिली. मग चुलीवरचे तापलेले प्लग पळत आणून बसवायचे, टोपणभर पेट्रोल वरून पाजायचं आणि ओढायची दोरी.

शेजारचा स्पिरिदोन, लुकाचा जुना दोस्त, कुंपणावर कोपरं टेकून बघत राहायचा.

"वहिनी, दोरी ओढताय का दूध काढताय? एवढ्या हळुवारपणे तर मी बायकोलाही हाक मारत नाही."

"भाऊजी, काल तुमच्या गाडीला किती ओढी लागल्या?"

"मोजल्या नाहीत बुवा."

"मी मोजल्या ना. अकरा. आणि शिव्या सोळा."

"शिव्या पेट्रोलात धरायच्या असतात, वहिनी. त्याशिवाय पेटत नाही."

चौथ्या हिवाळ्यात माझी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू व्हायला लागली, तेव्हा स्पिरिदोनने कुंपणावर यायचं सोडलं. मी समजायचं ते समजले.

हा नुसता मिरवायचा प्रकार नव्हता. गवत अठरा किलोमीटरवर, नदीपलीकडे. पिण्याचं पाणी म्हणजे तळ्यातून कापून आणायच्या बर्फाच्या लाद्या. शाळेचा ट्रॅक्टरवाला प्यायला की तीन दिवस कुणाचा नसतो. इंजिन सुरू तर गवत, गवत तर गाई, आणि गाई आहेत तोवर मी आर्गा-तुमुलची अकुलिना. चार गाई होत्या. त्यातली पांढऱ्या तोंडाची मांगास सगळ्यांत म्हातारी, लुकाने वासरू असताना काखेत घालून आणलेली.

त्याच हिवाळ्यात, डिसेंबरात, एर्खान पंधरा दिवसांच्या रजेवर आला. माझा एकुलता एक. शहरात इमारतींना गरम पाण्याचे पाइप बसवणाऱ्यांच्या टोळीत काम करतो, म्हणजे दुसऱ्यांची घरं तापवून पोट भरतो. आल्या दिवशी बापाची बंदूक घेऊन गेला आणि दोन ससे मारून आणले. परतल्यावर त्याने बंदूक पडवीतल्या खुंटीला टांगली, जिथे आमच्याकडे चूल नाही आणि थंडी बाहेरच्याएवढीच असते.

"आत आण की रे," मी मुद्दाम म्हटलं, "कुणी नेली तर?"

"आणि घाम फुटू दे तिला? नळीत बर्फ धरू दे?" त्याने लुकासारखा आवाज जाड केला आणि बोट उगारलं. "आत नाही तर बाहेर, बाई! अर्धंमुर्धं काही नाही!"

आम्ही दोघं पोट धरून हसलो आणि मग दोघांनीही डोळे पुसले. पंधरा वर्षं शहरात काढून पोरगं काही विसरलं नव्हतं. बापाचा वारसा वाया गेला नाही म्हणून त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

चार दिवसांनी, गोठलेल्या माशाचे काप खात बसलो होतो तेव्हा त्याने विषय काढला.

"आई, नवं घर घेतलंय. तीन खोल्या. एक तुझी."

"माझ्या खोलीत गाई किती मावतील?"

"चेष्टा नको गं. नारियानाला दिवस गेलेत. बाळाला आजी नको?"

"आहे की आजी. उन्हाळ्यात घेऊन या, साय खायला घालते."

"आणि हिवाळ्यात? बाबांसारखी तूही एक दिवस कुरणात पडलीस तर? तुला आणायला कोण जाणार?" त्याने हातातला काप खाली ठेवला. "मीच ना?"

त्याचा आवाज कापत होता. मी ते ऐकलं होतं, नाही असं नाही. पण माझं डोकं तोवर तापलं होतं, आणि डोकं तापलं की मला कान राहत नाहीत.

"ऐक. ज्या दिवशी माझ्या हातून हे इंजिन सुरू होणार नाही, त्या दिवशी गाई मोडीन आणि मुकाट तुझ्या मागे येईन. तोवर हा विषय या घरात पुन्हा निघता कामा नये."

"शब्द?"

"शब्द," मी म्हटलं आणि माशाच्या चरबीचा तुकडा चुलीत टाकला. आमच्याकडे आगीला घास देऊन बोललेलं मागे घेत नाहीत. चरबी तडतडली. एर्खान आगीकडे बघत बसला.

त्यानंतर त्याने त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. लाकडं फोडली, लाद्या आणल्या, गोठ्याच्या भिंतींना बाहेरून शेणाचा नवा थर दिला. मला वाटलं, समजूतदार झाला.

पुढच्या आठवड्यात थंडी छप्पन्नावर गेली. धुकं एवढं दाट की स्वतःचा हात दिसेना. स्पिरिदोन त्याच्या घोड्यांच्या कळपाकडे निघून गेला होता, तो दहा दिवस येणार नव्हता. त्याची बायको मावरा गुडघ्यांनी बेजार, तिला गोठ्यात बसता येईना. एर्खान त्या दुपारी गवताची खेप घेऊन आला आणि मला म्हणाला, "तू जा ना मावराकाकूंकडे. दूध काढ, रात्री तिथेच नीज. आपल्या गाईंचं मी बघतो."

मी गेले. सकाळी परतले तर याने चूल पेटवून, गाईंचं करून, चहाही ठेवला होता. चहातल्या दुधाला धुराचा वास येत होता.

"ब्लोलॅम्प धरलेल्या हातांनी दूध काढलंस होय रे?"

"धुतले होते हात."

"मग नीट धुतले नव्हतेस."

तो हसला नाही. मी प्लग चुलीवर ठेवले आणि बाहेर गेले. गाडी तिच्या जागी उभी होती, कातडं आणि नमदा नीट घातलेला. खाली पाइप लावला, तापवलं, तळवा टेकून दहा मोजले. प्लग बसवले, टोपणभर पेट्रोल पाजलं. पहिल्याच ओढीला पेटलं. माझी मान आपोआप कुंपणाकडे वळली, पण स्पिरिदोन नव्हता. तेवढ्यात पाच-सहा धडधडी होऊन इंजिन गप्प झालं.

पुन्हा टोपण, पुन्हा ओढ, पुन्हा पाच-सहा धडधडी. जेवढं वरून पाजलं तेवढं जाळायचं आणि थांबायचं. म्हणजे टाकीतलं पेट्रोल पुढे पोचत नव्हतं, एवढं मला कळत होतं. का पोचत नव्हतं ते कळत नव्हतं. कार्बोरेटर मी कधी उघडला नव्हता, ते काम आधी लुकाचं आणि नंतर स्पिरिदोनचं. आत पाणी गोठलं असेल, हे मनात आलं नाही असं नाही. पण गाडी तर बाहेरच होती.

एर्खानने येऊन झाकण काढलं, बोटं आत घातली, नाक ओढलं.

"पंपाचा पडदा गेलाय, आई. रबरच ते, या थंडीत तडकणारच. शहरातून मागवावा लागेल. बर्फाच्या रस्त्याने यायला महिना तरी धर."

हे बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, बिचाऱ्याला माझी कीव येतेय. आणि मला कीव सहन होत नाही, म्हणून मी आणखी जोराने ओढायला लागले. पहिल्या दिवशी चाळीस ओढी मोजल्या. दुसऱ्या दिवशी खांदा सुजला, तेव्हा डाव्या हाताने ओढली. घरचं गवत तीन दिवसांचं होतं. तिसऱ्या दिवशी मावरा काठी टेकत टेकत आली.

"अगं, स्पिरिदोन येऊ दे तरी. तोवर आमच्या गंजीतलं ने गवत. माझ्या गाई काही तेवढ्याने उपाशी मरणार नाहीत."

"उसन्या गवतावर गाई पाळायच्या तर त्या तुझ्याच झाल्या."

"तुझं तोंडच तुझं वाटोळं करणार बघ, अकुलिना."

"करू दे. तोंड माझं आहे."

आता हे सांगताना जिभेला कडू लागतं. दहा दिवसांचं उसनं गवत, एवढीच तर गोष्ट होती! पण शब्द आगीसमोर दिला होता, मुलगा साक्षीला होता, आणि गावाने चार वर्षांपूर्वी माझं जे ठरवलं होतं त्याच्यापुढे मान तुकवायची तर ती माझी मी तुकवणार होते, कुणी दोन भारे गवत देऊन ती वेळ लांबवायला नको होती.

चौथ्या दिवशी सकाळी मी एकच ओढ ओढली. पाच धडधडी, मग गप्प. दोरी सोडून दिली.

"एर्खान," मी म्हटलं, "सुरी काढ."

त्याचा चेहरा उतरला. "एवढ्या लगेच? आई, आधी कुणाला विचारून तर—"

"शब्द कुणी मागितला होता? मी का तू?"

दोन गाभण गाई मावराकडे बांधल्या. राहिल्या दोन, एक भाकड आणि दुसरी मांगास. म्हाताऱ्या गाईला भर हिवाळ्यात कोण नेणार? एर्खान आणि ट्रॅक्टरवाला, दोघांनी काम केलं. मांगास त्यांच्या हाताला येईना, मान झटकून झटकून मागे सरायची. शेवटी मी गेले. तिचं कपाळ छातीशी धरलं, तशी ती शांत उभी राहिली. ती माझ्या वासाला भुलली होती. मी पुष्कळ जनावरं कापलेली पाहिली आहेत, आमच्याकडे हिवाळा त्यावरच निघतो. पण ती वेळेवर, पोटासाठी. ही पोटासाठी नव्हती.

गाई गेल्या त्या रात्रीतच गोठा थिजला. आमच्या गोठ्यांना चूल फारशी लागत नाही, जनावरांच्या अंगाची ऊबच पुरते. ती ऊब गेली आणि सकाळी भिंतींवर बोटभर जाडीचं पांढरं हिव चढलं होतं. चार गाईंचा श्वास, दुसरं काय!

दोन दिवसांनी तालुक्याची व्हॅन आम्हाला न्यायला आली. ड्रायव्हरने दारात उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. आमच्याकडे कुणीच करत नाही, तो उतरून मिशीवरचा बर्फ झाडत फेऱ्या मारत होता. एर्खान बोचकी चढवत होता. मी गोठ्याकडे गेले. घोड्याच्या केसांची एक दोरी तिथे राहिली होती, मांगासची. ती मला हवी होती.

दार उघडल्यावर बाहेरचा उजेड थेट जमिनीवर पडला. दाराजवळच्या कोपऱ्यात, जिथून आम्ही शेणाची घसरगाडी बाहेर काढतो आणि जिथे गाय बांधत नाही, तिथलं ओलं शेण आता दगडासारखं झालं होतं. त्यात दोन लांब रेघा उमटल्या होत्या आणि त्यांच्या मागे दातेरी पट्ट्याचे वळ. डावी रेघ पुढच्या टोकाला जरा वाकडी. आमच्या बर्फगाडीची पुढची डावी घसरपट्टी एकदा मोडली होती, लुकाने ती जोडली तेव्हापासून ती तशीच उमटते. ते चार दिवस मी दोरीलाच लटकलेली, गोठ्यात अंधाराचा एर्खानच जायचा. गाई असत्या तर आणखी दोन दिवसांत ते शेण काढलं गेलं असतं आणि मला कधी कळलं नसतं. गोठा थिजला म्हणून ते राहिलं.

मी तिथेच बसले. दुधाला आलेला धुराचा वास आठवला, तो ब्लोलॅम्पचा नव्हता, गोठ्यात शिरलेल्या गाडीचा होता. मावराकडे जा, तिथेच नीज, हेही आठवलं.

आणि तरीसुद्धा मी त्याची वकिली केली. आई आहे ना मी! म्हटलं, विसरला असेल. पंधरा वर्षं पाइपांच्या उबेत राहिलेलं पोर. आईला सकाळी त्रास नको, इंजिनाला गोठ्याची जरा ऊब मिळावी, म्हणून घातली असेल आत, आणि नंतर चूक कळली तेव्हा सांगायची लाज वाटली असेल. असं असतं तर मी त्याला त्या क्षणी माफ केलं असतं. गाईंसकट माफ केलं असतं. अशी मनाची समजूत घालत मी दोरी घेऊन बाहेर आले.

"एर्खान, बंदूक कुठाय रे?"

"पडवीत." तो पाठमोरा बोचकं बांधत होता. "निघताना घेतो."

"आतापासून घरात आणून ठेव की. विसरशील."

"छे, आत आणली तर घाम—"

त्याचं बोलणं तिथेच तुटलं. गाठ मारणारे हात थांबले. तो वळला. माझ्या हातातली दोरी त्याने बघितली, मग माझ्या मागे उघडं राहिलेलं गोठ्याचं दार.

"किती वेळ ठेवली होतीस?" मी विचारलं.

"रात्रभर." त्याने बोचकं खाली ठेवलं. "पहाटे बाहेर काढली."

"आणि पडदा?"

"पडदा चांगला आहे."

मला वाटलं होतं मी किंचाळेन. हातातली दोरी मी मुठीला गुंडाळली. त्याने टोपी काढली होती, पन्नासच्या वरच्या थंडीत, आणि केसांवर हिव धरत होतं.

"तुला ती दोरीची गाठ माहितेय ना, आई? बाबांचा हात सुटेना. बोटं थिजली होती दोरीवर. मी उबवायचा प्रयत्न केला, श्वास सोडला, पण सुटली नाहीत. शेवटी दोरी कापली मी. कापलेली जोडली, तीच ओढली आणि त्यांना घेऊन आलो. तुझ्यासाठी मला ते पुन्हा करायचं नव्हतं. रोज रात्री तेच दिसतं मला. दुसरं काय करणार होतो मी? तू ऐकतेस कुणाचं?"

खोटं नव्हतं ते. तेच तर वाईट होतं. नुसता लबाड असता तर मी त्याच्या थोबाडीत मारून मोकळी झाले असते.

"मग हे सांगायचं होतंस," मी म्हटलं. "मासे खाताना, माझ्या तोंडावर, असंच. मी ओरडले असते, ताट फेकलं असतं. चार दिवस बोलले नसते. कदाचित पाचव्या दिवशी हरलेही असते. भांडून हरले असते रे! मग मांगासला धरताना मला माहीत असतं मी कशासाठी धरतेय. तू तर माझ्या हातून माझाच शब्द खोट्यावर पाळवून घेतलास."

"आजी, बसताय ना?" ड्रायव्हर ओरडला. "पेट्रोल काय आकाशातून पडतं का?"

मी बसले. मावराला वाटतं मी मुलाच्या मायेने बसले. मायेने नाही. गोठा थिजलेला, मांगास परत उभी राहणार नव्हती, आणि शब्द खोट्यावर पाळला गेला असला तरी दिला मीच होता. अकरा तासांच्या वाटेत मी एर्खानशी बोलले नाही. त्यानेही माझ्या पायांवर ब्लँकेट घातलं तेवढंच.

शहरात येऊन आठवडा झाला असेल. जेवायला बसलो होतो, तेवढ्यात स्पिरिदोनचा फोन आला. ऐकू कमी येतं म्हणून मी फोनचा आवाज वाढवूनच ठेवते, त्यामुळे त्याचा सगळा गलका खोलीभर ऐकू आला.

"वहिनी! पहिल्या ओढीला! ऐकताय ना? पहिल्या! कार्बोरेटर काढून घरी नेला, दोन दिवस चुलीपाशी सुकवला. पडदा-बिडदा काही गेलेला नाही हो, पाणी होतं नुसतं, कण्यांएवढे खडे! गोठ्यातल्या शेणात गाडीचे वळ बघितले मी, कोण येडपट गोठ्यात इंजिन ठेवतो? लुका असता तर त्याची साल काढली असती. कुणी केलं काही कळलं का तुम्हाला?"

एर्खान समोर बसला होता, चमचा हातात धरून. नारियानाने एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला काही सांगितलेलं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

"नाही कळलं, भाऊजी," मी म्हटलं.

"बरं, ते जाऊ द्या. गाडी तयार आहे. कधी येताय? कुंपणावर टेकून बघावं असं कुणी उरलं नाही इथे."

मी फोन ठेवला. एर्खानने चमचा खाली ठेवला आणि पुढे जेवला नाही.

त्याला आता दोन हिवाळे झाले. नात चालायला लागली. एर्खानला नावं ठेवायला कुठे जागा नाही. माझ्या खोलीत पाइप सगळ्यांत जास्त तापतो, त्याने स्वतः बसवलाय. बाजारातून माशाचा चांगला तुकडा माझ्यासाठी आणतो. रात्री उठून मी झोपले आहे का बघून जातो. मी त्याच्यावर माया करत नाही असं नाही. पण त्याच्या हातचा चहा घेताना दरवेळी मी तो आधी हुंगते. त्याने हे बघितलंय.

परवा जेवताना तो हळूच म्हणाला, "आई, उन्हाळ्यात गावी जाऊन येऊ या का? महिनाभर. घर उघडू, झाडू. मावराकाकू म्हणत होत्या, आपल्या गाईंची दोन्ही वासरं मोठी झालीत. तुला जरा बरं वाटेल."

सगळं डोळ्यांपुढे आलं. कुंपण, तळं, नमद्याखालची गाडी आणि रिकामा गोठा. महिनाभर तिथे, आणि मग पुन्हा इथे.

"एकदा आत आणलंस ना मला?" मी म्हटलं. "आता मधेच बाहेर काढू नकोस."

त्याने माशाचा चांगला तुकडा माझ्या ताटात ठेवला. नियम त्याला पाठ आहे.